साबुदाण्यातलं जहर

आता हसायचं नाही, आधीच बजावतो! त्या दिवशीचा माझा गाढवपणा आठवला की अजून डोकं तापतं.

एकादशी होती. नागपूरहून सासूबाई आल्या होत्या, हिंदी मुलखात, गढ्याच्या आमच्या घरी. जावयासाठी म्हणून त्यांनी पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली, सढळ हाताने दाण्याचा कूट घालून. आणि मी? मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो! त्यात लिहिलेलं, साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्यात सायनाइड तयार होतं. सायनाइड! मी ताडकन उठलो.

"फेका ती खिचडी! जहर आहे जहर!"

"काहून जी जावईबापू, काहून ओरडून राहिले?" सासूबाई झारा घेऊन बाहेर आल्या.

मी काय ऐकतो! पातेलं उचलून तरातरा अंगणात.

"अहो फेकू नका, गाईले तरी घाला!"

"गाय मरेल!"

झालं! शेजारच्या भाभी गेटवर. "भैया, किसने खाया जहर?" त्यांच्यामागून कोणीतरी, "अम्मा ने दामाद को जहर दे दिया क्या?" असा संताप येतो या लोकांचा! खिचडीचा घमघमाट सुटला तेव्हा कोणी डोकावलं नाही, जहराचं नाव काढताच अख्खी गल्ली हजर. एक जण तर पोलिसांना फोन लावायला निघाला.

सासूबाईंनी झारा खाली आपटला. "एवढी उमर गेली, अन् आता जावयाले जहर देणारी म्हणून नाव झालं! सुनंदा, मले स्टेशनवर सोडून दे. या घरी पुन्हा पाय नाही ठेवत मी."

सुनंदा म्हणजे माझी बायको. ती काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग आमची रुचा बाहेर आली. कॉलेजात केमिस्ट्री शिकते. सगळ्यांसमोर बापालाच झापलं! "बाबा, आधा ही पढ़ते हो! कंद किसून, धुऊन, भाजून साबुदाणा बनतो. जहर कब का निकल गया!"

पण चूक कबूल करीन तर मी कसला? "मी आज फक्त फळ खाणार!" असं म्हणत सफरचंद उचललं आणि रागाच्या भरात गाभा, बिया, सगळं कराकरा चावून गिळलं.

रुचा बघतच राहिली. "बाबा, बिया चावल्या? सायनाइड तर त्यात बनतं!"

मी मटकन पायरीवर बसलो आणि सासूबाईंचाच पदर धरला. "पाणी! डॉक्टर! आई, वाचवा हो!"

"अरे, इतने से कुछ नहीं होता," रुचा सांगत होती, पण ऐकतंय कोण? भाभी केव्हाच गल्लीकडे वळल्या होत्या.

"पुलिस मत बुलाओ! अम्मा बेकसूर हैं! जहर भैया ने खुद खाया है!"