परवा म्हणजे फुडचाच

प्रोग्रॅममधल्या चुका दुरुस्त केल्या की संपतात, त्यांचे किस्से मात्र साठत जातात. हल्ली आमच्यात ते कुणी आपणहून काढत नाही. तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो.

मिरजेत आम्ही तिघं: मी, यास्मिन आणि दुष्काळी माण तालुक्यातला संपत. पेशंटनं मोबाइलवर "उद्या येतो" असं लिहिलं, की त्यावरून तारीख काढून दवाखान्याची अपॉइंटमेंट द्यायची, हे आमच्या प्रोग्रॅमचं काम. तो वाक्यातला वेळेचा शब्द तेवढा उचलतो, बाकीचं सोडून देतो. ऐकायला सोपं वाटतं ना?

सुरुवातीलाच एक मावशी सोमवारी येऊन बसल्या. प्रोग्रॅमनं दिला होता मंगळवार. त्यांनी लिहिलं होतं "आठ दिवसांनी", आणि आम्ही इमानदारीत आठ मोजले होते!

"आवं, आठ दिस म्हंजे ह्या सोमवारपास्नं त्या सोमवारपत्तर! एवढं बी ठावं न्हाई व्हय तुमच्या मशीनला?"

मशीनला कुठून ठाऊक असणार? आम्हीच विसरलो होतो.

मग एकानं लिहिलं, "बाजार झाला की येतो." यास्मिननं बसून गावोगावच्या बाजारांचे वार भरले. त्याचा पुढचा मेसेज आला, "भाजीचा न्हाई, बकऱ्यांचा बाजार!" बकरं विकल्याशिवाय त्याला येताच येत नव्हतं. तो शेवटपर्यंत आला नाही.

एकदा "ईद झाल्यावर" असं आलं. मी यास्मिनला म्हटलं, "टाकून दे की तारीख."

"आधी चांद दिसू दे. तो काय तुझ्या कोडला विचारून निघतो?"

सगळ्यात जास्त वैताग दिला 'परवा'नं. होऊन गेलेला तोही परवा, यायचा आहे तोही परवाच! माझं आणि यास्मिनचं त्यावरून चांगलंच वाजलं. शेवटी संपतनं निकाल लावला.

"गड्या, दवाखान्यात मागची तारीख कोण मागतंय? परवा म्हंजे फुडचाच! टाक तसं."

टाकलं तसं.

संपतचे वडील, तात्या, गावाकडं मेंढरं राखायचे. छातीत दुखायचं. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संपतनं त्यांचा नंबर आमच्याच प्रोग्रॅममध्ये घातला. प्रोग्रॅम विचारायचा, "कधी येणार?" तात्यांचं उत्तर ठरलेलं, "पाऊस पडल्यावर."

"संपतदादा, याची तारीख काय लावू?" यास्मिननं विचारलं.

"माणात? ती कंच्या बी कॅलेंडरात न्हाई." हसला, आणि लगेच फोन लावला. "तात्या, मेंढरांचं मी बघतो. तुमी या बघू."

"येतो रं. एक पाऊस पडू दे, चाऱ्याचं मिटलं की आलोच."

फोन ठेवल्यावर संपत तात्यांचे रिपोर्ट पुन्हा उघडून बसला. त्याला लय भीती वाटत होती, आणि आम्हाला ती दिसत होती.

पाऊस लांबला. एक दिवस संपत काही न सांगता घाईनं गावी गेला. त्याचा फोन लागेना. आम्ही लावत राहिलो.

उत्तरातून तारीख निघाली नाही, की प्रोग्रॅम काही दिवसांनी पुन्हा विचारतो. त्यानं तात्यांच्या नंबरवर विचारलं, "नमस्कार! ऑपरेशनसाठी कधी येणार?" यास्मिन आणि मी स्क्रीनसमोरच होतो.

या खेपेला पावसाचं नाव नव्हतं. घरातल्या कुणीतरी लिहिलं होतं, "तात्या परवा गेले."

आमचा हात कीबोर्डवर जायच्या आत प्रोग्रॅमचं उत्तर गेलंसुद्धा.

"धन्यवाद! परवा सकाळची वेळ नक्की झाली आहे. पेशंटनं उपाशीपोटी यावं."