रविवारी आलेली जयंती

तेलंगणातल्या आमच्या बेल्याच्या शाळेत नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं की मास्तर लोक त्यावर तुटून पडत. भक्तीपोटी नव्हे, कोणती सुट्टी रविवारात बुडाली ते पाहायला. दसरा रविवारी निघाला की स्टाफरूममध्ये सुतक. तरी तिथीच्या सणांचा थोडा भरवसा असायचा. दोन पंचांगांचं जुळत नसे, मग हैदराबादेहून हुकूम यायचा की सुट्टी आज नाही, उद्या. तेवढ्या आशेवर आमचे विज्ञानाचे मास्तरसुद्धा पंचांग वाचायला शिकले.

चौदा एप्रिलला मात्र कुणाचं काही चालत नसे. आम्हा बौद्धांच्या या जयंतीला ना तिथी लागते, ना चंद्र. तारीख ठरलेली, फक्त वार दर साली एकानं पुढे सरकतो, लीप वर्ष असलं तर दोनानं. त्या दिवशी शाळेतल्या फोटोला हार घालायला मास्तरांपैकी मी एकटा आणि आमच्या वस्तीतली पोरं, एवढेच असायचो. बाकीचे सुट्टी घेऊन आपापल्या गावी.

एका साली जयंती रविवारी आली. त्या फोटोसमोर कधी उभे न राहिलेले हेडमास्तर माझ्याजवळ येऊन हळहळले, "काय सर, यंदा तुमची जयंती वाया गेली."

मी म्हटलं, "जयंती तर होऊन राह्यली सर. तुमी बी या हार घालायला."

ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग चेहरा उजळला.

"पुढच्या साली सोमवार येते," ते म्हणाले. "रविवारला जोडून."