शेळीच्या गळ्यातलं पदक

बिश्केकच्या ओकच्या बागेत दर रविवारी पदकवाले जमतात. बाकांवर मखमल पसरतात, मखमलीवर जुनी स्मारक-पदकं मांडतात आणि मग दुपारपर्यंत एकमेकांच्या मालाला नावं ठेवतात. या मंडळींच्या धर्मात एकच पाप आहे, पदकाला ओरखडा. ओरखड्याची ही कथा, मग भोकाचं काय विचारता! आणि झुराकान नेमकी भोकं पाडलेली पदकंच गोळा करायची.

निवृत्त होईपर्यंत ती ट्रॉलीबस चालवत होती. सगळे तिला झुराकान-एजे म्हणत, कारण एजे, म्हणजे ताई, म्हटल्याशिवाय ती वळूनच बघत नसे. तिच्या फडक्यावर काय काय असायचं! कुठल्याशा शहराच्या शताब्दीचं पदक, कुणी घोड्याच्या लगामाला टांगलेलं. कापसाच्या विक्रमी पिकाचं पदक, त्याचा कुणी दाराच्या कडीखाली वायसर केलेला. अंतराळवीराचं पदक, पोरीच्या वेणीत गुंफायला टोचलेलं.

"एजे, भंगारवाला पलीकडच्या गल्लीत बसतो," कुणीतरी हमखास म्हणे.

"त्याच्याकडूनच येतेय. तुझ्या सोन्याच्या दाताचा भाव विचारत होता." मग फडकं झटकत ती ऐकवायची, "ही पदकं लोकांनी वापरलीत. तुमची कपाटात जन्मली आणि कपाटातच मरणार."

चेष्टेचं तिला काही वाटत नसे. सलत असे ते एकच. मंडळाचं वर्षातून एकदा ग्रंथालयाच्या दालनात प्रदर्शन भरे आणि तिथे तिच्या पदकांची फळी कधीच लागली नव्हती. दर वर्षी ती विचारायची, आणि दर वर्षी मंडळाचे अध्यक्ष मुसाबेक-बाइके, म्हणजे मुसाबेकदादा, गोड हसून म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की बघू." ते पूर्वी सिनेमागृहाचे व्यवस्थापक होते. तिकिटं संपल्याचं हसत सांगायची सवय काही गेली नव्हती.

त्या वसंतात मात्र ते तिच्या फडक्यापाशी थबकले. किझिल-ताश धरणाच्या उद्घाटनाचं पदक त्यांनी उचललं, भिंग लावलं, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"झुराकान, हे कुठून आणलंस?"

"घरचं आहे."

"अगं, सहा दरवाजे आहेत याच्यावर!"

किझिल-ताशला पाचच दरवाजे आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पहिल्या आराखड्यात सहा होते, त्यावरूनच पदकं ठोकली गेली, आणि चूक लक्षात आल्यावर सगळी परत मागवून वितळवली. सहा दरवाज्यांच्या या वाणाबद्दल पदकवाले नुसतं ऐकून होते.

"सगळी कुठे परत घेतली?" झुराकान म्हणाली. "पहिली खेप काम करताना मेलेल्यांच्या घरी पाठवली होती. तिथे परत मागायला जायला कुणाला तोंड होतं?"

तिचे वडील त्या धरणाच्या मातीखाली गेले तेव्हा ती शाळकरी पोर होती. लाल डबीतून पदक आलं. तिची आई, बात्मा, रडली नाही. ती तडक ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गेली, तिथलं ड्रिल फिरवून पदकाला स्वतः भोक पाडलं, दोरी ओवली आणि ते शेळीच्या गळ्यात बांधलं. पुढे धरणाचे साहेब जीपमधून गावात आले, तर स्वागताला आधी शेळीच पुढे झाली. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"बाई, हा सरकारने केलेला सन्मान आहे!"

"माझा माणूस नेलात आणि ही ताटली पाठवलीत," बात्मा म्हणाली. "मला काही तिच्यात जेवायचं नाही. शेळीला बरी शोभते."

बात्माची डेअरीतली नोकरी त्यापायी गेली. पदक मात्र शेळी म्हातारी होऊन मरेपर्यंत तिच्या गळ्यात राहिलं.

मुसाबेक-बाइकेंनी हे सगळं ऐकून घेतलं, पण नजर पदकावरून हलली नाही. "फोटो काढायला थोडे दिवस माझ्याकडे दे. यंदा तुझी फळी लागली म्हणूनच समज. दारासमोर, मधोमध!"

"भोकासकट?"

"पदक लागेल म्हटलं ना!"

हे उत्तर काही तिच्या प्रश्नाचं नव्हतं. एरवी तिने ते तिथल्या तिथे पकडलं असतं. पण इतक्या वर्षांची इच्छा अशी अचानक पदरात पडल्यावर भलेभले भुलतात. तिने पदक दिलं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी परातभर बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून आणले.

प्रदर्शनाच्या दिवशी ती मखमली जाकीट घालून दालनात शिरली. मधोमध काचेची पेटी, तिच्यात दिवा, खाली सोनेरी अक्षरांत तिचं नाव. सहाही दरवाजे लखलखत होते. पण त्यांच्यावर कोरलेल्या आकाशात भोक नव्हतं. तिने चष्मा लावला, पुसला, परत लावला. भोक नव्हतंच.

"कसं झालंय?" मागून मुसाबेक-बाइके म्हणाले. "शहरातल्या सगळ्यात चांगल्या सोनाराकडून बुजवून घेतलं. भिंगानेही सापडायचं नाही!" माणूस मनाने वाईट नव्हता. आपण एखाद्या जखमेवर इलाज केला, असंच त्याला वाटत होतं.

"एजे, शेवटी राणी झालीस!" सोन्याच्या दाताचा तो पदकवाला हसला.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आपल्या नावावरून तिची नजर हटेना. आई गेली, शेळी गेली, आता कुणाचं काय बिघडतंय, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

तेवढ्यात एका पाहुण्याने विचारलं, "हे मिळालं होतं कुणाला?"

"धरणावरच्या एका कामगाराच्या विधवेला," मुसाबेक-बाइके म्हणाले. "बिचारीने जन्मभर अभिमानाने जपलं."

झुराकान गर्रकन वळली. "कुलूप काढा."

"अगं, आता कार्यक्रम सुरू व्हायचाय..."

"काढा, बाइके. नाहीतर मी कोपराने काढते."

तिचा कोपर खरंच वर झालेला पाहून त्यांनी कुलूप काढलं. कोपऱ्यात सुतार शेवटची फळी ठोकत होता. ती पदक घेऊन थेट त्याच्यापुढे उभी राहिली.

"हे ड्रिल धातूला चालतं का रे?"

"बिट बदललं की चालतं, एजे."

"बदल. आणि हे घट्ट धरून ठेव."

तिच्या हातात मशीन किंचाळलं तसं सगळं दालन वळलं. पितळेचा पिवळा भुगा चकचकीत फरशीवर सांडला. मुसाबेक-बाइके धावत आले. "वेड लागलं का तुला? अख्ख्या जगात दुसरं नाही ते!"

"तुम्ही भोक नाही बुजवलंत, माझ्या आईचं तोंड बुजवलंत! अभिमानाने जपलं म्हणे! ती त्या जीपवाल्याला भ्यायली नाही, आणि मी तुमच्या सोनाराला भिऊ?"

सोनाराने भरलेला तुकडा निखळून खाली पडला. नवं भोक जुन्यापेक्षा मोठं आणि थोडं तिरकं झालं होतं, कड तासली गेली होती. मुसाबेक-बाइकेंनी कपाळाला हात लावला. "संपलं. आता याला कुणी हातसुद्धा लावणार नाही."

"नकोच लावू दे." झुराकानने फुंकर मारून भुगा उडवला, पदक पुन्हा पेटीत आपल्या नावावर ठेवलं आणि झाकण स्वतः लावलं. "काढा पेन आणि लिहा खाली. किझिल-ताश धरण, सहा दरवाजे, भोक दोनदा पाडलेलं. पहिल्यांदा आईने, दुसऱ्यांदा लेकीने. हे वाण आणखी कुणाकडे असेल तर त्याने खुशाल पुढे यावं."

कुणी पुढे आलं नाही. मुसाबेक-बाइकेंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग खिशातून पेन काढलं.