पाणी आल्याची प्रेसनोट

सत्तरच्या दशकात नागपुरात एका सरकारी खात्याच्या प्रसिद्धी शाखेत मी अकरा वर्षं खुर्ची झिजवली. लोकांना वाटायचं, आम्ही बातम्या देतो. कसल्या बातम्या आणि कसलं काय! उद्या सकाळी उद्घाटन असलं, की आज दुपारीच ‘मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते थाटात पार पडले’ असं टाइप करून पेपरवाल्यांकडे पोचतं व्हायचं. टाळ्यांचा कडकडाट किती झाला हेसुद्धा मीच ठरवायचो. छापून आलं की कात्रण कापायचं, खळ लावून फाइलीत डकवायचं आणि फाइल वर पाठवायची. वरच्यांनी गाव पाहिलेलं नसे, कात्रण मात्र पाहिलेलं असे.

एका एप्रिलात पारशिवनीच्या पुढच्या एका गावात नळयोजनेचं उद्घाटन होतं. मी आदल्या दिवशीच लिहून टाकलं, ‘कळ दाबताच पाणी खळाळले आणि माताभगिनींच्या चेहऱ्यावर हसू फुलले.’ त्यातली एकही माताभगिनी मी पाहिली नव्हती. प्रत्यक्षात नारळ फुटला, कळ दाबली आणि तोटीनं नुसतं फुस्स केलं. पंपाची मोटरच बसवायची राहिली होती. मंत्री चहा पिऊन निघून गेले. माझी बातमी मात्र पहिल्या पानावर आली, साहेबांनी पाठ थोपटली आणि मी निर्लज्जासारखा घरी संत्राबर्फी घेऊन गेलो.

पंधरा दिवसांनी त्या गावची एक पन्नाशीची बाई एसटीनं कचेरीत आली. गावाला दिवसाआड पाण्याचा टँकर यायचा, तो बंद झाला होता. तहसील कचेरीत विचारायला गेलेल्या बायकांना तिथल्या साहेबानं माझी बातमी वाचून दाखवली होती, ती आमच्या शाखेतून आल्याचंही सांगितलं होतं. गावची विहीर आटलेली, बायका तीन मैलांवरच्या नदीवरून पाणी आणत होत्या. तिनं पदराच्या गाठीतून पेपराचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला.

“हे तुमीच लिवलं ना जी? मंग तुमीच सांगा त्याईले, पानी नाही म्हनून.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी साहेबांकडे गेलो, दुरुस्ती काढू म्हणालो. साहेब पान लावत होते.

“पाणी नाही, हे पेपरात कुठं आलंय?” त्यांनी विचारलं.

बरं, म्हटलं, आणतो पेपरात. बाई बाहेरच बसली होती. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. माझं नाव टाकणं शक्य नव्हतं, तिनं तिचं खुशाल टाकू दिलं. आठवड्यात ते वाचकांच्या पत्रांत छापून आलं. अकरा वर्षांत मी लिहिलेलं ते एकमेव खरं लिखाण. मी ते ऐटीत कापलं, डकवलं, वर पाठवलं. संध्याकाळी फाइल परत आली. कात्रणाशेजारी लाल शाईत शेरा होता, ‘तात्काळ खुलासा करावा.’ खुलासे लिहायचं काम माझंच. नोकरी टिकवायची होती, मी बसल्या बैठकीला लिहून काढलं. ‘सदर पत्रात काडीचेही तथ्य नसून पत्रलेखिकेने खोडसाळपणे दिशाभूल केली आहे.’ भाषा इतकी झक्क जमली होती, की पेपरानं एक अक्षर बदललं नाही.

ती पुन्हा आली. खुलासा कुणीतरी तिला वाचून दाखवला होता. तहसील कचेरीत तिला खोटारडी म्हणत होते, टँकर बंद तो बंदच.

“हे कोनं लिवलं जी?” तिनं विचारलं.

पेपरवाल्यांनी, असं मी सांगितलं. तिनं ते लगेच खरं मानलं. निदान तेवढं तरी तिनं खरं मानायला नको होतं.

“मंग अजून एक डाव लिवून द्या ना जी. तुमी खरं लिवता.”

लिहितो म्हणालो. लिहिलं नाही. त्या उन्हाळ्यात टँकर गेला नाही, बायका पाऊस पडेपर्यंत नदीवर पायपीट करत राहिल्या.