आतोबांचे बदली विक्रम

अमेरिकेतल्या बेसबॉलचे सबंध सोलापुरातले एकमेव जाणकार म्हणजे आमचे आतोबा, आणि त्यांनी बेसबॉलचा चेंडूसुद्धा कधी पाहिला नव्हता. "ह्यास्नी घरातल्या पिठाचा पत्ता न्हाय, आन् अमेरिकेत कोण दमलं ते ठावं!" असं आत्या शुक्रवार पेठेत दारोदार सांगे. बहात्तरच्या सुमारास त्यांनी नव्या पेठेतल्या रद्दीतून अमेरिकन खेळांचं एक जाडजूड वार्षिक उचललं आणि मी कॉलेजात जातो, या एकाच गुन्ह्यासाठी मला ते वाचायला बसवलं. मुख्य चेंडूफेक्या दमला की त्याच्या जागी दुसरा येतो, हातचा चाललेला सामना वाचवतो आणि त्याची नोंद त्याच्या नावावर वेगळी होते, असं मी तोडक्यामोडक्या इंग्रजीच्या जोरावर उलगडलं. आतोबा ताडकन उठले. "आरं, ह्यो तर बदली कामगार की! आन् त्याचं नाव लिवत्यात?"

त्यांना ते लागणारच. नऊ वर्षं ते कापडगिरणीत बदली होते. रोज भोंग्याआधी फाटकाशी उभं राहायचं. कुणी कायमवाला आला नाही तर त्याच्या मागावर चढायचं, नाहीतर भरला डबा घेऊन घरी. त्या दिवसापासून त्यांनी वहीत बदल्यांचे विक्रम मांडायला घेतले. सलग सर्वाधिक दिवस रिकामा परतलेला: स्वतः, तेवीस. सर्वांत आखूड बदली: अकरा मिनिटं, कारण कायमवाला धापा टाकत पोचला. एकाच आजीच्या मयताला सर्वाधिक दांड्या: कायमवाले तात्या, चार. लग्नाच्या पंगतीत वाढपी बदलला तरी आतोबांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे जाई.

मग कायम करायची यादी निघाली आणि दफ्तरात आतोबांचे निम्मे दिवस सापडेनात. ज्यांच्या जागी ते राबले, त्यांच्याच नावावर कारकुनाने ते चढवले होते. आत्या देव पाण्यात घालून बसली. आतोबांनी वही गिरणीच्या साहेबांपुढे ठेवली. मी सोबत होतो. साहेब पोट धरून हसले आणि म्हणाले, "झकास आहे. पण साक्ष कोण देणार?"

साक्ष द्यायची म्हणजे आपली दांडी कबूल करायची. दाराशी जमलेले कायमवाले जमिनीकडे बघू लागले. तेवढ्यात तात्या पुढे आले. "साहेब, त्ये चारी दिस माझ्या मागावर ह्योच हुता. म्हातारी जित्ती हाय, आत्ताच भाकरी खाऊन बसलीया. माझं काय करायचं त्ये करा." मग एकेक करत सगळेच पुढे सरकले.

आठवड्याने यादीत आतोबांचं नाव लागलं. आत्या रडली, मी हुश्श केलं.

महिन्याभरात आतोबांनी पहिली रजा टाकली. ना ताप, ना खोकला. आत्या कावली. "मग घरी कशापायी?"

"फाटकाशी कोन तरी हुबं असंल की," ते म्हणाले आणि उंबऱ्यावर ऐसपैस बसून शेंगा फोडू लागले. आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला आठवतात ते त्या सकाळचेच, बिनकामाचे आणि सुखी.