कबुतराचा अर्धा तास

मला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा आमच्या गिरगावच्या वाडीत सगळे खूश होते, एक आई सोडून. मुलगा शाळेत मास्तर होता आणि बायकोला पुढे शिकवायचं म्हणत होता. एवढं ऐकूनच मी मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळी झाले. आईचा मात्र एकच हेका. "इतक्या लांब नाही देणार. पोरीला ताप आला तर मी पोचणार कधी?"

वडिलांनी नकाशावर दोरा ताणून दाखवला. सरळ रेषेत पुणं जेमतेम पाऊणशे मैल.

"मी काय दोऱ्यावरून जाऊ?" आई म्हणाली.

मामाला कबुतरांचा भारी नाद. आमच्याच माडीवर त्याचं खुराडं होतं, आणि कुठेही सोडली तरी त्याची कबुतरं तिथेच परतत. "ताई, अंतर आपण कबुतरालाच विचारू," म्हणाला, आणि मुलाचं घर बघायला गेला तो टोपलीत एक करडी मादी घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुणे स्टेशनाच्या आवारात त्यानं तिथल्या घड्याळात पाहून चिठ्ठीवर वेळ लिहिली, ती मादीच्या पायाला बांधली आणि तिला सोडलं.

ती माडीवर उतरली तेव्हा घरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. चिठ्ठीवर साडेसात.

"एक तास चाळीस मिनिटं!" वडील ओरडले. "अगं, दादरहून बैलगाडीनं यायलाही याहून जास्त वेळ लागतो!"

हिशेब चुकला होता, हे मला मात्र कळलं. स्टेशनावरची घड्याळं रेल्वेच्या, म्हणजे मद्रासच्या वेळेची. आम्हा मुंबईकरांच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे. हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण मामा कबुतराच्या नादात विसरला आणि वडील आनंदात. मादीला खरे लागले होते दोन तास दहा मिनिटं. मी गप्प बसले. लाज वाटली, पण शाळा त्याहून जास्त हवी होती.

आईनं चिठ्ठी बराच वेळ हातात धरली. मग म्हणाली, "द्या होकार कळवून."

लग्नानंतर बोरीबंदरावर गाडीत चढताना मला राहवलं नाही. "आई, कबुतराला अर्धा तास जास्त लागला होता. मला कळलं होतं, मी बोलले नाही."

"दर खेपेला तुम्हा सगळ्यांना हाकलत गाडी गाठून देणारी मीच ना?" आई डोळे पुसत म्हणाली. "मी रेल्वेची वेळ विसरेन होय?"

"मग होकार कसा दिलास?"

"तुझं तोंड बघितलं त्या दिवशी. नाही म्हणवेना."

मग तिनं मामाच्या हातातली टोपली माझ्याजवळ सरकवली. आत तीच करडी मादी होती. "शाळेत गेलीस की सोड. आणि वेळबीळ लिहू नकोस."

पंधरा दिवसांनी, शाळेतून आल्या आल्या, मी ती सासरच्या अंगणातून सोडली. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं, "आई, आज गेले."