जावक क्रमांक नसलेलं पत्र

श्यामसुंदरराव आगाशे कुठलंही पत्र वाचण्याआधी तपासत. लग्नपत्रिका आली तरी आधी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का, मग तारीख आणि वार कालनिर्णयाशी जुळतात का, मग छापखान्याचं नाव, आणि हे सगळं यथासांग झालं की लग्न कोणाचं आहे ते. एकदा या नादात जेवणाची वेळ वाचायची राहिली आणि नवरा-बायको दोघं पंगत उठल्यावर कार्यालयात पोचले. मंदाकिनीबाईंनी तो विषय पुढे तीन वर्षं पुरवून वापरला.

तसा दोष त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. पुण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत त्यांनी चौतीस वर्षं काढली. बाहेरून आलेलं पत्र आवक वहीत चढायचं, बाहेर जाणारं जावक वहीत, आणि प्रत्येकाला क्रमांक. ज्याला जावक क्रमांक नाही ते पत्रच नाही, मग ते साहेबाने लिहिलेलं का असेना.

या शाखेत त्यांनी एक पराक्रम केला होता. नागोराव नावाचा वर्ध्याकडचा एक टंकलेखक होता. त्याची चार दिवसांत आडबाजूला बदली झाल्याचा आदेश येऊन थडकला. कागद मोठा देखणा: वर राजमुद्रा, लांबलचक क्रमांक, गोल शिक्का, झोकदार सही, खाली ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’. नागोरावाची बायको मुक्ताई दिवस भरत आलेली, घरात दुसरं कोणी नाही. तो रडकुंडीला आला. साहेब म्हणाले, आदेश तो आदेश. श्यामसुंदररावांनी मात्र कागदावर छापलेल्या नंबरावर फोन न करता खिशातली निळी डायरी काढली, त्यातून मुंबईच्या जावक शाखेचा नंबर शोधला आणि विचारलं, “हा क्रमांक आपल्या वहीत आहे का?” होता. पण तो कुठल्याशा पंख्याच्या दुरुस्तीच्या पत्राचा होता. कोणीतरी खार खाऊन केलेला उद्योग. नागोराव वाचला, आणि श्यामसुंदररावांचा नियम कचेरीभर झाला: पत्राची साक्ष पत्राकडून घ्यायची नाही.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि रद्दीत निघालेला ‘आवक’चा तारखेचा शिक्का दिला. शाल कपाटात गेली. शिक्का टेबलावर राहिला. दूधवाल्याच्या चिठ्ठ्यांवरसुद्धा तो उमटू लागला.

आता २०१६ साल होतं आणि पत्रं येईनाशी झाली होती. मुलगी स्पृहा मेलबर्नला होती. हडपसरच्या आयटी पार्कातून कंपनीने जावयाला, सलिलला, उचललं ते थेट तिकडे नेऊन ठेवलं. जाताना स्पृहाने वडिलांना कॉम्प्युटर देऊन ठेवला होता, आणि श्यामसुंदरराव रोज सकाळी पूजा झाली की टपाल उघडावं तसे मेल उघडत. फेब्रुवारीत त्यात गोड बातमी आली. जूनच्या मध्याला बाळंतपण. सलिलची आई आदल्या वर्षीच गेलेली. फोनवर स्पृहा एवढंच म्हणाली, “आई, तू असशील ना तेव्हा?”

“असशील ना म्हणजे काय? मी काय इथे बसून भरतकाम करणार आहे?” मंदाकिनीबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी लगेच झबल्यांसाठी जुनी मऊ साडी काढली.

दोघांच्या व्हिसाचा अर्ज श्यामसुंदररावांनी स्वतः भरला, ऑनलाइन, अकरा दिवस घेऊन. एकही रकाना रिकामा सोडला नाही. सरकारच्या संकेतस्थळाचा पत्ता, त्यावरच्या आपल्या खात्याचं नाव, अर्जाचा क्रमांक, सगळं निळ्या डायरीत उतरवलं. मंदाकिनीबाईंनी तोवर सहा झबली, चार दुपटी आणि बाळंतकाढ्याच्या पुड्या तयार ठेवल्या. पुड्या तिकडच्या विमानतळावर काढून घेतात असं कळल्यावर त्या म्हणाल्या, “घेऊ देत. त्यांच्याही घरी बाळंतिणी असतील.”

एप्रिलच्या अठरा तारखेला पहिला मेल आला.

श्यामसुंदररावांनी चष्मा पुसला, मेल छापून घेतला आणि कागद हातात धरताच त्यांचं तोंड कडू झालं. मुद्रा नाही. शिक्का नाही. सही नाही. सहीच्या जागी नुसतं ‘नताली’. आडनाव नाही! शिवाय तळाशी तंबी: या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

“कोणाचं आहे हो?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“भामट्यांचं. अगं, कुठल्या सरकारी अधिकाऱ्याला आडनाव नसतं? आणि उत्तर पाठवू नका म्हणे! सरकार उत्तर देत नाही हे मी समजू शकतो, पण उत्तर घेत नाही असं कधी झालंय?”

“पण म्हणतंय काय ते?”

“तुझा छातीचा एक्स-रे काढा म्हणतंय, त्यांच्याच यादीतल्या दवाखान्यात, अठ्ठावीस दिवसांत. यादी त्यांची, दवाखाना त्यांचा. कळलं ना धंदा कसा चालतो ते?”

मंदाकिनीबाईंना कळलं नाही, पण पत्रांच्या बाबतीत त्यांनी नवऱ्याला कधी उलटं विचारलं नव्हतं. उरलेल्या सगळ्या बाबतींत विचारत असल्यामुळे एवढी एक खिडकी त्यांनी मोकळी सोडली होती. श्यामसुंदररावांनी कागदाच्या समासात लाल शाईने ‘शंकास्पद. दफ्तरी दाखल’ असा शेरा मारला आणि कागद फाइलीत गेला. ‘दफ्तरी दाखल’ म्हणजे पुन्हा कोणी बघायचं नाही. ‘आवक’चा शिक्का तर त्यांनी त्याला मारलाच नाही, तेवढीही त्याची लायकी नव्हती.

मग वाट बघणं सुरू झालं. एप्रिल संपला, मे लागला. स्पृहा दर रविवारी विचारी, “बाबा, काही आलं?” आणि बाबा म्हणत, “अधिकृत असं काही नाही.” नतालीच्या पत्राबद्दल ते बोलले नाहीत. जड अंगाच्या पोरीला भामट्यांच्या गोष्टी कशाला सांगायच्या? धीर धरवेना तेव्हा त्यांनी एकदा गूगलवर ‘व्हिसा अर्जाची स्थिती’ असं शोधलं, जे पहिलं पान उघडलं त्यात आपलं नाव आणि मेलचा पत्ता भरला, आणि विसरून गेले. मंदाकिनीबाई हल्ली झबल्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसत. सातवं झबलं त्यांनी शिवायला घेतलंच नाही.

मेच्या तेरा तारखेला दुसरा मेल आला.

आहाहा! पत्र असावं तर असं. वर सोनेरी मुद्रा, तीत दोन प्राणी. डाव्या कोपऱ्यात सतरा आकडी जावक क्रमांक, मध्ये तिरक्या रेघा देऊन. एक निळी सही, एक काळी सही, सह्यांखाली संपूर्ण नावं, आडनावांसकट. गोल शिक्का किंचित तिरपा पडलेला, घाईत खऱ्या माणसाने मारल्यासारखा. आणि तळाशी ‘प्रत माहितीसाठी’! मजकूर: अभिनंदन, आपला व्हिसा मंजूर झाला आहे, खालच्या दुव्यावर पासपोर्ट आणि बँकेचा तपशील दोन दिवसांत भरावा.

“मंदा!” चाळीस वर्षांत त्यांनी एवढ्या मोठ्याने हाक मारली नव्हती. “आला! मंजूर झाला! हे बघ, याला म्हणतात पत्र.”

मंदाकिनीबाईंनी पदराने डोळे टिपले, देवापुढे साखर ठेवली आणि सुटकेस पलंगाखालून ओढायला घेतली. श्यामसुंदररावांनी ‘आवक’चा शिक्का शाईत बुडवला, कागदावर ठप्पकन मारला आणि कॉम्प्युटरपुढे बसून बँकेचं पासबुक उघडलं.

आणि हात थांबला. शंका वगैरे काही आली नव्हती. चौतीस वर्षांची खोड, दुसरं काय! मंत्रालयातून पत्र आलं तरी कार्यवाहीआधी एकदा पाठवणाऱ्याच्या वहीत बघून घ्यायचं. पत्राची साक्ष पत्राकडून घ्यायची नाही. त्यांनी निळी डायरी काढली आणि मेलमधल्या दुव्याला हात न लावता डायरीतला पत्ता एकेक अक्षर बघून टाइप केला.

खातं उघडलं. आत डाव्या हाताला ‘पत्रव्यवहार’ असा एक रकाना होता. त्यांनी तो आजवर उघडलाच नव्हता. उघडल्यावर ते बघतच राहिले. ही तर जावक वही! पाठवलेल्या प्रत्येक पत्राची तारीखवार नोंद. त्यात पत्रं होती दोन. एक, अर्ज मिळाल्याची पोच. दुसरं अठरा एप्रिलचं: छातीचा एक्स-रे, मुदत सोळा मे. खाली सही, नताली.

सोनेरी मुद्रेच्या पत्राची नोंद कुठेच नव्हती. गूगलवरच्या त्या पानात आपण नाव आणि मेलचा पत्ता भरला होता, ते त्यांना आत्ता आठवलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. श्यामसुंदररावांना नागोरावाचा बदली आदेश आठवला. तोही असाच देखणा होता. खोट्या कागदालाच नटावं लागतं हे ज्याने सगळ्या कचेरीला शिकवलं, तोच आज सोनेरी मुद्रेला भुलला होता. आणि त्याहून मोठी चूक मनात टोचत राहिली. आवडलेल्या पत्राची त्यांनी चौकशी केली आणि न आवडलेल्याची केली नाही. नुसतं तोंड बघून त्याला दफ्तरी दाखल करून टाकलं होतं. पंचवीस दिवस वाया गेले होते आणि उरले होते तीन. मधे रविवार. त्यांना रडू आलं असतं तरी त्यात नवल नव्हतं, पण ते आतल्या खोलीत गेले आणि बायकोसमोर उभे राहिले.

“मंदा, सुटकेस थांबव. आजचं पत्र खोटं आहे. आणि ते... ते मागचं खरं होतं.”

मंदाकिनीबाई उठल्या नाहीत. हातातलं झबलं त्यांनी सुटकेसच्या कडेवर ठेवलं. “म्हणजे माझा एक्स-रे राहिला, तुमच्या शेऱ्यामुळे?”

“हो.”

“त्या नतालीला आडनाव नव्हतं म्हणून?”

“हो.”

“माझी पोर तिकडे एकटी आहे,” त्या म्हणाल्या. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. श्यामसुंदररावांना त्या क्षणी आपली चौतीस वर्षं रद्दीच्या भावात द्यावीशी वाटली.

यादीतल्या दवाखान्याला फोन त्यांनीच लावला. पलीकडच्या बाईंनी पुढच्या गुरुवारची वेळ देऊ केली. श्यामसुंदररावांनी संदर्भ सांगायला सुरुवात केली: अर्ज क्रमांक अमुक, पत्र दिनांक तमुक, सबब कळविण्यात येते की... मंदाकिनीबाईंनी फोन हातातून काढून घेतला.

“अहो ताई, लेकीच्या बाळंतपणाला जायचंय. सोमवारी मुदत संपतेय आणि आमच्या ह्यांनी पत्र दाबून ठेवलं.”

“उद्या सकाळी आठला या, काकू. उपाशी यायची गरज नाही,” ताई म्हणाल्या.

शनिवारी पावणेआठला दोघं दवाखान्याच्या बंद दारापाशी उभे होते. एक्स-रे झाला, दवाखान्याने तो परस्पर पाठवला, आणि श्यामसुंदरराव दिवसातून चार वेळा खात्यातली ‘जावक वही’ बघू लागले. मेच्या सव्वीसला मेल आला: मंजूर. मुद्रा बेताची, सहीच्या जागी पुन्हा नुसतं नाव, पासपोर्टवर चिकटवायलासुद्धा काही नाही. नुसता मेल हाच व्हिसा.

“खरं आहे?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

त्यांनी डायरीतून पत्ता टाइप केला, वहीत नोंद बघितली, पुन्हा बघितली. “खरं आहे. सही आहे नतालीची.” एवढं बोलून त्यांनी फाइलीतला तो जुना कागद काढला, लाल शेऱ्यावर रेघ मारली आणि नतालीच्या दोन्ही पत्रांना आवकचा शिक्का मारला. मारताना मान खाली होती.

ते मेलबर्नला पोचले त्यानंतर पाचव्या दिवशी, तारखेच्या आठवडाभर आधीच, स्पृहाला कळा सुरू झाल्या. सलिल कामासाठी सिडनीला गेला होता. तो विमानात असतानाच सगळं व्हायचं होतं. आत लेकीचा हात मंदाकिनीबाईंच्या हातात होता. बाहेर श्यामसुंदरराव कुडकुडत बाकावर बसले होते. जूनमध्ये थंडी, हेही त्यांना शंकास्पदच वाटत होतं. पण मन दुसरीकडेच होतं. तीन दिवस उरले होते. ते उरले नसते तर आत्ता आत त्या पोरीचा हात कोणी धरला असता?

दार उघडलं. मंदाकिनीबाई बाहेर आल्या. केस विसकटलेले, चेहरा घामाने भिजलेला, आणि लग्नानंतर प्रथमच त्यांना कुंकू सारखं करायची शुद्ध नव्हती.

“मुलगी झाली. दोघी छान आहेत.”

“नक्की?” श्यामसुंदरराव सवयीने बोलून गेले आणि बोलताच त्यांनी जीभ चावली.

मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. “शिक्का मारून आणू का?” त्या म्हणाल्या. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबेपर्यंत श्यामसुंदरराव त्यांचा हात धरून उभे राहिले.

नात बघायला आत जाण्याआधी त्यांनी खिशातली निळी डायरी काढली, एक कोरं पान उघडलं, घड्याळ बघून वेळ टाकली आणि लिहिलं: ‘आवक क्र. १. पाठवणार: स्पृहा.’ पुढे पडताळणीचा रकाना आखला. तिथे त्यांनी क्षणभर पेन धरलं आणि लिहिलं, ‘मंदाने सांगितलं.’